बांधावरचा बिबा तोडू का?

प्रश्न : माझ्या बांधावर बिब्याची चार झाडं आहेत. दोनांना दरवर्षी फळ येतं, दोन नुसतीच वाढलीत. ती तोडून सरपण करावं म्हणतो. दुसरं, यंदा बायकोनं गोडंबी (बिब्याच्या आतला गर) काढायला बिबे फोडले तर हात सुजून फोड आले. उपाय सांगा. आणि बरड जमिनीत बिब्याची लागवड परवडेल का?

उत्तर : दादा, आधी कुऱ्हाड खाली ठेवा. बिब्यात नर आणि मादी झाडं बहुधा वेगवेगळी असतात. तुमची दोन झाडं वांझ नसून नर असावीत. ती तोडली तर उरलेल्या दोनांना पराग मिळणार कुठून? पुढच्या मोहरात चारही झाडांची फुलं जवळून पाहा आणि खोडावर चुन्यानं खूण करून ठेवा.

सरपणाचा विचार तर पूर्णच सोडा. बिब्याच्या चिकातलं द्रव्य धुरातूनही बाधतं. डोळे, तोंड सुजतं, कधी घसाही धरतो. ओलं लाकूड तोडणाऱ्याच्या अंगावर चीक उडतो तो वेगळाच. जुने लाकूडतोडे या झाडाच्या वाटेला जात नाहीत ते उगाच नाही.

आता वहिनींच्या हाताचं. बिबा, आंबा, काजू, चारोळी ही सगळी एकाच कुळातली. आंब्याच्या चिकानं ओठ उततात, काजूच्या टरफलाच्या तेलानं हात भाजतात, तसंच बिब्याचं आहे, फक्त कितीतरी पट जोरदार. काळ्या टरफलातलं हे तेल चुन्याच्या निवळीबरोबर कापडावर पक्कं काळं बसतं, म्हणून धोबी त्यानं कपड्यांवर खुणा घालत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर अशा खुणांमुळेच पुरळ उठलं होतं. त्यांनी झाड पाहिलंही नव्हतं!

बिबा उततो तो लगेच नाही. तेल लागल्यावर काही तासांनी, बहुतेकदा एक-दोन दिवसांनी फोड येतात. त्यामुळे 'काल तर काही झालं नाही' म्हणून गाफील राहू नका. तेल लागल्याचं कळताक्षणी साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा, पण खसखसून घासू नका. फोडातलं पाणी लागून रोग पसरत नाही. पसरतं ते कपड्यांवर, हातोडीवर, पाटावर राहिलेलं तेल. कामाचं लुगडं वेगळं धुवा, हत्यारंही साबणानं धुवा. नारळाचं तेल आमच्या आजीच्या काळापासून लावतात. ते कामाच्या आधी लावा, बिब्याचं तेल लागल्यावर नको, नाहीतर चीक पसरतो. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं पाण्याची धार सोडा आणि थेट दवाखान्यात जा. चेहरा सुजला तरी तेच.

एकदा अंग उतू लागलं की पुढच्या वेळी थोड्याशा तेलानंही उततं. म्हणून वहिनींनी यंदा बिबे फोडायचं काम दुसऱ्यावर सोपवावं. इतरांनी जाड प्लास्टिकचे हातमोजे, चष्मा आणि लांब बाह्या वापराव्यात. पातळ रबरी मोज्यांतून हे तेल आत झिरपतं. बिबे चांगले वाळवून, राखेत किंवा मातीत घोळवून मग फोडा. भाजून फोडायची घाई नको, धुराचं वर सांगितलंच आहे. कामाच्या जागी लेकरं फिरकू देऊ नका.

गोडंबी स्वच्छ निवडली तर डिंकाच्या लाडवात तिची जागा बदामाला येत नाही. काळ्या बिब्याला धरून असतं ते नारिंगी, गोडसर बोंड, म्हणजे बिब्याची फुलं. तीही वाळवून खातात, पण काळं टरफल तोडून टाकल्यावरच. पोटदुखीवर किंवा टाचेच्या भेगेत कच्चा बिबा भरायचा जुना उपाय मी सुचवणार नाही. वैद्य औषधासाठी तो विटेच्या भुकटीत घोळवून शुद्ध करून घेतात, घरच्या घरी ते होत नाही. शनिवारी दारावर लिंबू-मिरचीखाली बिबा टांगायचा असेल तर खुशाल टांगा, फक्त ओवताना हात सांभाळा.

लागवडीचं सरळ सांगतो : सगळी बरड त्यात घालू नका. रोप बियांचं, त्यात नर किती आणि मादी किती हे मोहर येईपर्यंत कळत नाही. गोडंबीला भाव असला तरी फोडणारे हात मिळत नाहीत. बांधाला, नाल्याच्या काठाला दहा-बारा झाडं लावा. फळ हिवाळ्यात पिकतं, त्यातलं ताजं, भरलेलं बी निवडा. सोटमूळ खोल जातं, म्हणून जागेवरच टोबलेलं बरं. पहिली दोन वर्षं काटेरी कुंपण हवंच. बी हाताळतानाही मोजे घाला, नाहीतर लागवडीच्या दिवशीच बिबा घालून घ्याल.