नैतिकता ज्याची त्याची असते का? रूढींपेक्षा ती वेगळी कशी?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत: नैतिकता ज्याची त्याची असते का, आणि ती सामाजिक रूढींपेक्षा वेगळी कशी. मी दुसरा आधी घेते, त्याने पहिल्याचा निम्मा गुंता सुटतो.

संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाची रांग लागते. ती कुठून सुरू व्हावी, कुठे वळावी, हा रिवाज. उद्या सगळ्यांनी मिळून बदलला तरी कुणाचं बिघडत नाही. पण मध्ये घुसणारा माणूस मागे ताटकळलेल्या बाईचा वेळ खातो, आणि चार जणांनी "चालतं हो" म्हटल्याने तो तिला परत मिळत नाही. एलियट ट्यूरिएल या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना हेच विचारलं: शाळेतल्या बाईंनी परवानगी दिली तर चालेल का? कपड्यांच्या नियमांबद्दल बहुतेक मुलं हो म्हणतात. दुसऱ्याला मारणं मात्र परवानगी असली तरी वाईटच, असं बालवाडीतली पोरंही सांगतात.

समाजाला मान्य तेच नैतिक असं धरलं, तर धोंडो केशव कर्वे अनैतिक ठरतील. 1893 साली त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. कायद्याने तर विधवाविवाह 1856 पासूनच मान्य होता! तरी कर्वे बरोबर होते ते कायद्यामुळे नव्हे. एका बाईचं उरलेलं आयुष्य अकारण कोमेजू देणं चूक होतं, म्हणून.

हे जुनं झालं म्हणावं, तर आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत संक्रांतीला हळदीकुंकू असलं की समोरच्या काकू दार लोटून घ्यायच्या. जिन्यात पैठण्यांची सळसळ, हातात वाणाच्या वाट्या, आणि आमंत्रण त्यांचं एक दार सोडून सगळ्यांना. यंदा आम्ही त्यांनाही बोलावलं. तळमजल्यावरच्या आजींना ते रुचलं नाही. "अपशकुन होतो गं," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कोणाला काय झालं आजवर? आणि त्यांना दरवर्षी काय वाटत असेल?" बराच वेळ बोलणं झालं. त्यांना पूर्ण पटलं नाही, पण त्या आल्या.

मामलेदारची मिसळ एकाला आवडते, दुसऱ्याला झेपत नाही, आणि त्यावर कुणी कुणाला कारणं मागत नाही. आजींनी आणि मी मात्र एकमेकींना कारणं दिली, कारण ही निव्वळ आवडनिवड नाही हे दोघींना ठाऊक होतं. संस्कार प्रत्येकाचे वेगळे, मान्य. म्हणून सगळी कारणं सारख्याच वजनाची होत नाहीत.

काही ठिकाणी खरंच एकच उत्तर नसतं. थकलेल्या आईवडिलांना घरी ठेवायचं की वृद्धाश्रमात, यात दोन भली माणसं वेगळा निर्णय घेतील आणि दोघंही बरोबर असू शकतील. "लोक काय म्हणतील" हा तिथे माझ्या लेखी मुद्दाच नाही. आईवडिलांना विचारलंत का, एवढं मात्र मी दोघांनाही विचारेन.