मिलानहून एका दिवसात कोमो सरोवराकाठची चार गावे आरामात होतात का?

आपण विचारले आहे की मिलानमध्ये एक दिवस मोकळा आहे, सोबत सत्तरी ओलांडलेल्या मातोश्री आहेत, आणि त्या दिवसात कोमो, बेलाजो, मेनाज्जो व वारेन्ना ही चार गावे आरामात पाहून होतील का. चारही गावे होतात, आराम होत नाही. आपण फक्त वारेन्नाला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी नऊ वर्षे मिलानमध्ये राहते. तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात आई आणि दादा माझ्याकडे आले होते, तेव्हा दादाने नेमका हाच बेत आखला होता: सकाळी रेल्वेने कोमो, तेथून जलद बोटीने बेलाजो, मग मेनाज्जो, शेवटी वारेन्ना आणि तेथून रेल्वेने परत. कागदावर त्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. प्रत्यक्षात कोमोच्या धक्क्यावर पाऊण तास उन्हात रांगेत गेला. जलद बोट बंदिस्त असते, त्यामुळे आईला सरोवर दिसले ते पाणी उडून धूसर झालेल्या काचेतून. बेलाजोच्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीत तिचे गुडघे धरले, मेनाज्जोला आम्ही केवळ पुढच्या बोटीची वाट पाहिली, आणि वारेन्नाला उतरलो तेव्हा गाडी सुटायला वीस मिनिटेही उरली नव्हती. धक्क्यापासून स्थानकापर्यंत चढ आहे. दादा बॅगा घेऊन पुढे धावला, मी आईचा हात धरून मागे राहिले, आणि गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. पुढच्या गाडीला तासभर होता. फलाटावरच्या बाकावर बसल्यावर आईने मला विचारले, "सरोवर कुठल्या बाजूला राहिलं गं?" तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही.

पुढच्या आठवड्यात दादा मित्राकडे रोमला गेला असताना मी आईला घेऊन पुन्हा निघाले, आणि या वेळी फक्त वारेन्नाला. मिलानो चेंत्राले स्थानकावरून सोंद्रिओ-तिरानोकडे जाणारी गाडी साधारण एक तास पाच मिनिटांत तेथे पोहोचवते. स्थानकाचे नाव वारेन्ना-एसिनो-पेर्लेदो असे लांबलचक आहे, एवढे लक्षात ठेवावे. जाताना डाव्या बाजूला बसावे, कारण लेक्को शहर सोडल्यावर रूळ सरोवराच्या पूर्व काठाला लागतात आणि पुढे बोगदे सोडले तर पाणी जवळजवळ सतत सोबत असते.

धक्क्यापासून गावापर्यंत कड्याला लागून पाण्यावरच बांधलेली, लाल कठड्याची एक पायवाट आहे. ती चालायला मला एकटीला पाच-सात मिनिटे लागतात; आईला चाळीस मिनिटे लागली, कारण ती दर दहा पावलांवर थांबून खाली पाहत होती. ती हर्णैची आहे, तिचे बालपण मासळीच्या लिलावाच्या आवाजात गेलेले. जेवणात आम्ही मिस्सोल्तीनी मागवले. या सरोवरात आगोने नावाचा, आपल्या पाला माशाच्या कुळीतला मासा मिळतो. तो मीठ लावून उन्हात वाळवतात, तमालपत्राच्या जातीच्या पानांच्या थरांत दाबून ठेवतात, आणि खाताना भाजून, वर व्हिनेगर घालून पोलेंतासोबत वाढतात. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकडच. आईने पहिला घास खाल्ला आणि बराच वेळ काही बोलली नाही; मग म्हणाली, "यांना पण पावसाळ्याची बेगमी करावी लागायची तर." पावसाळ्याची नव्हे, हिवाळ्याची, पण तिने ओळखले ते बरोबरच होते. (आपल्या मातोश्री शाकाहारी असतील तर पित्सोक्केरी विचारावे: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि भरपूर चीज.)

दुपारी आम्ही व्हिला मोनास्तेरोच्या बागेत गेलो. बाराव्या शतकाच्या अखेरीस तेथे ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता, नंतर तो श्रीमंतांचा वाडा झाला, आणि आज त्याची अरुंद बाग काठाकाठाने सुमारे दोन किलोमीटर पसरलेली आहे. १९५३ पासून इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेचे उन्हाळी वर्ग या वाड्यात भरतात. १९५४ च्या उन्हाळ्यात अणुशास्त्रज्ञ एन्रिको फेर्मी यांनी येथे व्याख्याने दिली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते शिकागोत वारले. आज ते वर्ग त्यांच्याच नावाने ओळखले जातात. मी हे आईला सहज सांगत होते, तर ती थांबली आणि म्हणाली, "फर्मी? हे नाव ह्यांच्या वहीत असायचं." माझे वडील दापोलीला तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. त्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. त्यानंतर दीड तास आई पाण्याकडे तोंड केलेल्या बाकावर बसून बाबांबद्दल बोलत राहिली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ते रात्री तिला फळ्याऐवजी पाटीवर अणू काढून दाखवत, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. आठवडाभर आधी आम्ही तिघेही याच गावातून धावत गेलो होतो, आणि दादाने ते दार पाहिलेही नाही.

दादा अजूनही म्हणतो की एवढे विमानभाडे भरून एका गावात बसून राहणे म्हणजे पैसे वाया घालवणे. मला हे मान्य नाही. चार धक्के पाहणे म्हणजे चार गावे पाहणे नव्हे, आणि वयस्कर माणसाला सोबत घेऊन जायचे तर दिवस त्या माणसाच्या पायांना झेपेल असा आखावा, वेळापत्रकाच्या सोयीने नव्हे. आई गेल्या वर्षीपासून लांबचा प्रवास करू शकत नाही. तिला इटलीबद्दल कोणी विचारले तर ती वारेन्नाचे सांगते. बाकीच्या तीन गावांची नावेही तिला आठवत नाहीत.

आपल्याला बेलाजो पाहायचेच असेल तर वारेन्नाहून फेरीबोट पंधरा मिनिटांत तेथे पोहोचते. तेवढे एकच जोडावे, कोमो आणि मेनाज्जो सोडून द्यावे. गावाच्या वर वेत्सिओचा किल्ला आहे, पण तो चढ मी आईला करू दिला नाही. दक्षिणेला फ्युमेलात्ते ही जेमतेम अडीचशे मीटर लांबीची, दुधासारखी फेसाळ नदी आहे, जिची नोंद लिओनार्दो दा विंचीनेही केली. मात्र ती वसंतापासून शरदापर्यंतच वाहते. हिवाळ्यात किल्ला बंद असतो आणि गावही बरेचसे मिटलेले असते, त्यामुळे मी सांगितलेले सारे एप्रिल ते ऑक्टोबर या काळापुरते धरावे, आणि त्यातही रविवार टाळावा. गावातल्या गल्ल्या पायऱ्यांच्या आहेत. मातोश्रींना चाकाची खुर्ची लागत असेल तर माझा सल्ला लागू होत नाही. छापील तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी स्थानकावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा, परतीचे तिकीट मिलानलाच काढावे, आणि परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळी उतरल्या उतरल्या लिहून ठेवाव्यात, म्हणजे धक्क्यावरून तो चढ कोणालाही धावत चढावा लागणार नाही.