जुने आलिशान मोटारहोम ‘अगदी कमी चाललेले’ मिळत असेल, तर घ्यावे का?

आपला प्रश्न असा आहे की, बावीस वर्षे जुने, मागच्या बाजूला डिझेल इंजिन असलेले एक आलिशान मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे घर, केवळ ४० हजार किलोमीटर चाललेले मिळत आहे. ते घ्यावे का, आणि देखभालीला वर्षाकाठी साधारण किती खर्च येईल. खर्चाकडे मी नंतर येतो. ‘केवळ’ हा शब्द आपण ज्या समाधानाने लिहिला आहे, त्याच समाधानाने एके काळी मीही तो चारचौघांत उच्चारत असे, आणि म्हणूनच हे उत्तर लिहायला बसलो आहे.

मी २०१९ साली घेतलेले मोटारहोम १९९७ चे होते आणि मीटरवर ४८ हजार किलोमीटर होते. आतले लाकूडकाम चकचकीत, चामड्याच्या खुर्च्यांना एक चीर नाही, आणि बाहेरच्या रंगाला अशी लकाकी की त्यात तोंड पाहावे. माझे मेहुणे बरोबर आले होते. त्यांचा आयुष्यभर गाड्यांशी संबंध आल्यामुळे या विषयात घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. त्यांनी टायरवरून हात फिरवला, नक्षीच्या खाचेत बोटाचे पेर घालून पाहिले आणि म्हणाले, ‘‘दाजी, टायर अजून कोरे आहेत. उभ्या गाडीचे काय झिजणार?’’ या एका वाक्यावरून आमचा सुरू झालेला वाद आजही मिटलेला नाही.

मोटारहोमच्या टायरची नक्षी झिजण्याची वेळ क्वचितच येते, कारण त्याआधीच त्याचे वय होते. रबराला ऊन आणि ओझोन यांपासून जपणारे मेणासारखे घटक त्यात मिसळलेले असतात. परंतु ते पृष्ठभागावर येण्यासाठी टायर फिरावा आणि दबावा लागतो. वर्षानुवर्षे एकाच जागी कित्येक टनांचे ओझे घेऊन उभ्या असलेल्या टायरला ते संरक्षण मिळत नाही, आणि खाचा खोल असूनही आतले थर एकमेकांना सोडू लागतात. टायरच्या बाजूवर शेवटी चार अंक असतात, त्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीनच अंक असतील, तर तो टायर २००० सालाच्या आधीचा समजावा. अडचण अशी की, हा संपूर्ण संकेत बहुधा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू अनेकदा आत गेलेली असते. आम्हाला बाहेरून अंक दिसले नाहीत आणि आम्ही खाली वाकून पाहिले नाही. माझ्या टायरवरचे अंक ३१०७ आहेत, म्हणजे तो २००७ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातला आहे, हे मला तो फाटल्यानंतर कळले.

चौथ्या प्रवासात, भर उन्हात, एकसारख्या वेगाने जात असताना पायाखालच्या लाद्यांवर कोणी घण घालावा तसा आवाज झाला. मागच्या उजव्या जोडचाकांपैकी आतल्या टायरची साल निघाली होती. बाहेरच्या टायरने भार पेलला म्हणून गाडी कडेला घेता आली. पुढचा टायर असता तर हे उत्तर लिहायला मी असतोच असे नाही. पोलादी तारांसकट सुटलेल्या त्या रबरी पट्ट्यांनी चाकावरची कमान फोडली, सांडपाण्याच्या टाकीचा नळ मुळापासून तोडला आणि मागच्या दिव्यांच्या तारांचा जुडगा उपटून काढला. मेहुण्यांचे म्हणणे असे की, हे माझे दुर्दैव. बारा वर्षांचा टायर फुटला तर त्यात दैवाचा संबंध कुठे येतो, हे त्यांनी मला अजून समजावून सांगितलेले नाही.

खरा खर्च पुढेच होता. कमान दुरुस्त करण्यासाठी शयनकक्षातल्या कपाटाचा तळ काढावा लागला, तेव्हा खालच्या प्लायवूडमध्ये स्क्रू ड्रायव्हर नुसत्या हाताच्या जोराने मुठीपर्यंत गेला. लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखे झाले होते. ओलीचा माग काढत गेलो, तेव्हा टपाच्या मागच्या कोपऱ्यातल्या जोडावरचे सीलंट, म्हणजे फट बुजवणारे लुकण, वाळून तडकलेले सापडले. पाणी तिथून भिंतीच्या पोटात शिरून, वर एकही डाग न पाडता, थेट जमिनीपर्यंत उतरत होते. बाहेरून फायबरचा पत्रा आतल्या थरापासून सुटून किंचित फुगला होता, आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी की, ज्या लकाकीचे मी घेताना कौतुक केले होते, तिच्यातल्या प्रतिबिंबात त्याच जागी एक लाट दिसत होती. ती मी तेव्हाच पाहिली होती आणि मला ती झाडाची सावली वाटली होती.

तेव्हा गाडी पाहायला जाल ती सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात पाहा. भिंतीच्या रेषेत डोळा लावून फुगवटा शोधा, बोटांच्या पेरांनी ठोकत जा. आवाज जिथे पोकळ होईल तिथे थांबा. वरची सगळी कपाटे उघडून कोपऱ्यांत नाक घाला, आणि ओल मोजण्याचे यंत्र कोणाकडून तरी मागून न्या. विकणारा ते लावू देत नसेल, तर नमस्कार करून परत या. गाडी घेतलीत, तर दर सहा महिन्यांनी शिडी लावून टपावरचा प्रत्येक जोड, प्रत्येक झडप आणि वातानुकूलन यंत्राभोवतीची कड स्वतः पाहा. फट दिसली म्हणून कोणी सिलिकोन फासायला निघाला, तर त्याला खाली उतरवा, कारण सिलिकोनवर पुढे दुसरे कोणतेही सीलंट धड धरत नाही.

इंजिनाविषयी आपण बरेच विचारले आहे, पण मला त्याची सर्वांत कमी काळजी वाटते. ते आणि गिअरबॉक्स ट्रक व बस यांच्याच जातीचे असतात, त्यामुळे सुटे भाग आणि हात दोन्ही मिळतात. मिळत नाही ते त्यावरच्या घराचे सामान: समोरची काच, दिव्यांची आवरणे, कडेच्या पट्ट्या, बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या यंत्रणेचे भाग. गाडी बांधणारा कारखाना बंद झालेला असेल, तर एका दिव्याच्या काचेसाठी महिनोन्‌महिने भंगारवाल्यांकडे खेपा घालण्याची तयारी ठेवा. इंजिनाच्या बाबतीत एवढेच पाहा की, रेडिएटर अगदी मागे आहे का. तसा असेल, तर इंजिनाच्या श्वासनळीतून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येणारी तेलाची वाफ पंखा रेडिएटरवर ओढतो किंवा फेकतो, तिच्यावर रस्त्याची धूळ बसते आणि इंजिनाच्या बाजूने एक काळी गोधडी तयार होते, जी बाहेरून मुळीच दिसत नाही. मग चढावर तापमानाचा काटा वर जातो आणि लोक थर्मोस्टॅट बदलत बसतात. माझ्या गाडीत ती गोधडी तेलकटपणा काढणारे द्रावण आणि साध्या नळाचे पाणी यांनी तीन वेळा धुतल्यावर निघाली. जोराचा फवारा मारला असता तर रेडिएटरची पातळ पाती वाकली असती. त्यानंतर ती श्वासनळी रबरी नळी जोडून पंख्याच्या पलीकडे नेली.

आता खर्च. आकडा मी देणार नाही, कारण माझा आकडा आपल्या गाडीला लागू पडणार नाही. पण पहिल्या वर्षीचा हिशेब कसा मांडावा ते सांगतो. जोडचाके धरून सहाही टायर (मागे आणखी एक आस असेल तर आठ), घराच्या आणि इंजिनाच्या सर्व बॅटऱ्या, पट्टे, रबरी नळ्या, सर्व तेले, शीतक, हवेचे ब्रेक असतील तर हवा कोरडी करणाऱ्या यंत्राचे काडतूस, आणि गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र, ज्याचे आयुष्य पाच ते सात वर्षांचेच असते, हे सर्व बदलायचे आहे असे धरून ती रक्कम विक्रीच्या किमतीत मिळवा. तरीही व्यवहार परवडत असेल तरच पुढे बोला. त्यानंतरच्या वर्षांचा खर्च बव्हंशी आपण टपावर किती वेळा चढता यावर ठरेल.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. गाडीखाली जाऊन टायरचे अंक वाचताना समपातळीसाठीच्या हायड्रॉलिक जॅकवर किंवा हवेच्या सस्पेन्शनवर कधीही भिस्त ठेवू नका. चासीखाली, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्याखाली, पक्के टेकू हवेत. आणि माझ्या बोलण्याचा अर्थ कमी चाललेली प्रत्येक गाडी वाईट, असा घेऊ नका. बंदिस्त छपराखाली ठेवलेली आणि दरमहा खरोखर रस्त्यावर नेलेली गाडी मिळाली, तर ती जरूर घ्या.

मात्र ‘दर आठवड्याला दहा मिनिटे चालू करून ठेवायचो’ असे मालक सांगू लागला, तर ती जमेची बाजू समजू नका. मेहुणे आजही मला हाच उपाय सांगतात. दहा मिनिटे जागेवर फिरलेले एवढे मोठे डिझेल इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे तेलात उतरलेले पाणी उडून जात नाही. चाके, ब्रेक, बेअरिंगची सीले आणि टायर तर जागचे हलतही नाहीत. त्यापेक्षा गाडी तास-अर्धा तास रस्त्यावर न्यावी, आणि जनरेटर महिन्यातून एकदा निम्म्या भारावर दोनेक तास चालवावा, म्हणजे एक वातानुकूलन यंत्र तरी त्यावर सुरू ठेवावे. नुसता मोकळा फिरवून त्याचा काही उपयोग होत नाही.