डॅकच्या पडद्यावर कायम ४८ च का दिसते?

प्रश्न : माझ्या विंडोज लॅपटॉपला यूएसबी केबलने बाहेरचा डॅक (डिजिटल ध्वनीचे ॲम्प्लिफायरला समजेल अशा विद्युत-संकेतात रूपांतर करणारे उपकरण) आणि त्यापुढे ॲम्प्लिफायर जोडला आहे. सीडीवरून उतरवलेली गाणी असोत वा ९६ किलोहर्ट्‌झच्या फायली, डॅकच्या पडद्यावर ४८ हाच आकडा दिसतो. शिवाय चार्जर लावला की स्पीकरमधून ‘घूं’ असा आवाज येतो. डॅक सदोष आहे का? महागड्या यूएसबी केबलने फरक पडेल का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून डॅकमध्ये दोष असावा असे वाटत नाही. पहिल्या तक्रारीचे मूळ विंडोजच्या व्यवस्थेत आहे, तर दुसरीचे विजेच्या जोडणीत.

सीडीवरील ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे ध्वनीची मोजमापे) आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट या मापाने नोंदलेला असतो. विंडोजमध्ये मात्र गाणे, ब्राउझरमधला व्हिडिओ आणि ईमेल आल्याची ‘टिंग’ हे सारे एकाच वेळी वाजू शकावे म्हणून सर्व आवाज आधी एकत्र मिसळले जातात आणि त्यासाठी त्यांना एकाच नमुना-दरावर आणले जाते. आपल्याकडे तो दर ४८ किलोहर्ट्‌झ (सेकंदाला ४८,००० नमुने) ठरलेला दिसतो. त्यामुळे सीडीच्या गाण्यात गणिताने काढलेले नवे नमुने येतात आणि ९६ च्या फाइलमधील बारकावा मात्र निम्म्या दरावर उतरतो. साउंड सेटिंगमध्ये डॅकच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर हा दर बदलता येतो, परंतु गाण्यागणिक तो बदलत बसणे कोणालाही परवडणारे नाही. त्यापेक्षा ‘वासापी एक्सक्लुझिव्ह’ किंवा ‘असिओ’ या ध्वनी थेट डॅककडे पाठवण्याच्या पद्धतींची सोय असलेला प्लेअर वापरावा, तो ही मिसळण चुकवून फाइल तिच्या मूळ दरानेच डॅककडे पाठवतो. पहिल्यांदा हे करताना ॲम्प्लिफायरचा आवाज अगदी खाली ठेवावा, कारण लॅपटॉपवरील आवाजाची पट्टी निरुपयोगी ठरून गाणे एकदम पूर्ण जोराने सुरू होऊ शकते. खरे सांगायचे तर विंडोजचे रूपांतर आता पुरेसे चांगले असते, त्यामुळे पडद्यावरचा आकडा बदलला तरी कानाला फरक जाणवेलच असे नाही.

चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला असता ‘घूं’ थांबत असेल, तर चार्जरकडून येणारा गळती-प्रवाह यूएसबी केबलमधील तांब्याच्या तारेवाटे ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचत आहे असे समजावे. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहावे. लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट असल्यास प्रश्न मुळातूनच सुटतो, कारण त्या केबलमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. मात्र हा मार्ग बहुधा ९६ किलोहर्ट्‌झपर्यंतच खात्रीने चालतो. तसे आउटपुट नसल्यास यूएसबी आयसोलेटर (दोन उपकरणांमधील विजेची थेट जोडणी तोडून फक्त माहिती पुढे पाठवणारे साधन) मिळतात, पण घेण्यापूर्वी त्यांचा वेग तपासावा. साधे आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिटचेच असतात आणि ४८० मेगाबिटच्या वेगाने बोलणारे डॅक त्यांच्यावर नीट चालतीलच असे नाही.

राहिली केबल. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिटच्या स्टिरिओ ध्वनीला सेकंदाला सुमारे ४.६ मेगाबिट पुरतात. केबल खरोखर खराब असेल, तर आवाज तुटतो किंवा कडकड ऐकू येते. सूर थोडा गोड किंवा थोडा रुक्ष होत नाही. प्रमाणित, आखूड केबल घ्यावी.