मुलाला निवासी केंद्रात ठेवायचंय, केंद्र चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १६ वर्षांचा, बोलत नाही, फिट्स येतात, जेवण पोटातल्या नळीतून, आणि आता तुम्हाला एकटीला त्याला उचलणं झेपत नाही म्हणून केंद्र शोधताय. मी अशा केंद्रांमध्ये ९ वर्षं केअरटेकर होते, त्यातली ५ नाइट ड्युटी, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलंय तेच सांगते.

आधी रात्रीचं विचारा. दिवसा सगळीच केंद्रं छान दिसतात, थेरपी रूम असते, भिंतीवर मुलांची चित्रं असतात, पण फिट झोपेत पण येते ना. 'चोवीस तास स्टाफ आहे' म्हणतील, तेव्हा विचारा की रात्रीचा माणूस जागा असतो का झोपलेला असतो आणि बेल वाजली की उठतो, कारण या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ५ मिनिटांच्या वर फिट चालली की ती इमर्जन्सी, डॉक्टरांनी मिडाझोलाम (फिट थांबवायचं औषध) लिहून दिलं असेल तर ते गालात किंवा नाकात द्यायचं असतं, मग ते देता येणारं माणूस त्याच मजल्यावर आहे का, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली रात्री कुणाकडे असते? माझ्या पहिल्या नोकरीत किल्ली खालच्या ऑफिसात असायची. एका रात्री ती आणायला मी जिना उतरले आणि परत चढले, तेवढा वेळ पोरगी थरथरत होती. ती वाचली, पण तो जिना अजून माझ्या स्वप्नात येतो.

नळीचं पण तसंच. फीड, म्हणजे नळीतून दिलं जाणारं जेवण, चालू असताना डोक्याकडची बाजू निदान ३० अंश वर हवी आणि झाल्यावरही अर्धा-एक तास आडवं करायचं नाही, नाहीतर फीड वर येऊन छातीत जातं आणि न्यूमोनिया होतो. रात्री पंपावर फीड असेल तर मूल घसरून खाली आलंय का हे कुणीतरी सारखं बघायला लागतं. कूस बदलल्याचा चार्ट मागा. सगळ्या नोंदी बरोबर १२, २, ४, ६ ला, एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारख्या दिसल्या तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आणि न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं ओळखतं कोण? आमच्याकडे एक मुलगा तीन दिवस डोकं आपटत होता, फाइलमध्ये रोज 'बिहेवियर' लिहिलं जात होतं. शेवटी त्याच्या आईला फोन केला, ती लगेच म्हणाली अहो तो दुखलं की असंच करतो, तोंड बघा. दाढ किडून सुजली होती. म्हणून तुम्ही आत्तापासून वही करा, भूक लागली की काय करतो, दुखलं की काय करतो, फिट यायच्या आधी चेहरा कसा होतो, आणि तिची एक कॉपी त्याच्या पलंगाजवळ लावायला सांगा, फाइलमध्ये गेली की कोणी वाचत नाही.

१८ नंतरचं पण आत्ताच विचारा. बऱ्याच ठिकाणी मुलांचा आणि मोठ्यांचा विभाग वेगळा असतो, मग खोली, स्टाफ, डॉक्टर सगळं एकदम बदलतं, आणि त्याच्या वतीने सही कोण करणार हा कायद्याचा प्रश्नही तेव्हाच येतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे, त्याच्या कलम १९ मध्ये कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क दिलाय, म्हणजे त्याची खोली, त्याच्या वस्तू, तुम्ही कधीही भेटायला येणं, हे मागताना संकोच करू नका.

तुम्ही लिहिलंय की त्याला टाकून देतेय असं वाटतं. नाही हो ताई. ज्या मुलांच्या आया थकून कोसळायच्या आत आल्या ती मुलं जास्त नीट रुळलेली मी बघितली, कारण आई रोज येऊन बसू शकत होती. आधी फक्त दोन रात्री ठेवून बघा, घरची उशी आणि चादर बरोबर द्या, न धुतलेली, वास ओळखीचा राहतो. आणि दुसऱ्या रात्री न सांगता साडेनऊला जाऊन या.