गुरूचा चंद्र आयो गुरूभोवतीच्या प्लाझ्मात फिरताना काय होतं?

प्लाझ्मा त्याला मागून गाठतो. गुरू स्वतःभोवती जवळपास 10 तासांत फिरतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूला, सोबत ओढत नेतं. आयोला एका प्रदक्षिणेला 42 तासांहून जास्त लागतात. त्यामुळे हे कण सेकंदाला सुमारे 57 किलोमीटर वेगानं त्याच्यावरून वाहत जातात. आमच्याकडे, वर्धा जिल्ह्यात, नाल्याला पूर आला की मधल्या खडकाभोवती पाणी फाटतं ना, तसंच. पण हा खडक पुराला पाणीही पुरवतो! ज्वालामुखींतून आलेलं सल्फर नि ऑक्सिजन, सेकंदाला साधारण 1 टन, त्या प्लाझ्मात मिसळतं. अडथळ्यानं उठलेल्या लाटा चुंबकीय रेषांवरून गुरूच्या ध्रुवांकडे पोचतात. मला सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच: तिथल्या ध्रुवीय प्रकाशात आयोचा वेगळा ठिपका चमकतो, आणि आयो सरकला की तोही सरकतो.