काही मुलांचे जुलाब दोन आठवड्यांनंतरही का थांबत नाहीत?

आपण विचारले आहे की, बहुतेक मुले जुलाबातून आठवडाभरात बरी होतात, मग काहींचे जुलाब लांबतात ते का, आणि हा आजार आता कमी होत आहे का. मी बालरोग विभागात काम करतो, त्यामुळे शक्य तितके नेमके उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

अचानक सुरू झालेले जुलाब 14 दिवस किंवा त्याहून अधिक काळ चालू राहिले, तर त्यांना चिवट अतिसार म्हणतात. संसर्गामुळे आतड्याचे आतले अस्तर झिजते. धडधाकट मुलामध्ये ते काही दिवसांत पुन्हा तयार होते. परंतु कुपोषित मुलाच्या शरीरात त्यासाठी लागणारी प्रथिने आणि जस्त पुरेसे नसते, त्यामुळे अस्तर भरून येत नाही, दुधातील साखर पचत नाही, ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब चालूच राहतात. भूक मंदावलेले मूल त्यातच आणखी खंगते. म्हणूनच एक वर्षाखालील वय, कमी वजन, अंगावरचे दूध लवकर तुटणे, बाटलीने दिलेले वरचे दूध, नुकताच होऊन गेलेला गोवर आणि वारंवार होणारे जुलाब ही याची मुख्य कारणे ठरतात.

यात घरातून नकळत भर पडते, ही गोष्ट मला सर्वांत अधिक खटकते. पोटाला विश्रांती हवी म्हणून मुलाला केवळ पातळ पेजेवर ठेवले जाते, किंवा दात येत आहेत असे समजून उपचार लांबवले जातात. गरज नसताना दिलेली प्रतिजैविकेही आतड्याची घडी बिघडवतात.

प्रमाणाविषयी सांगायचे तर, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आधीच्या दोन आठवड्यांत जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण 2015-16 मध्ये 9.2 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 7.3 टक्के झाले. ही पाहणी लांबलेले जुलाब वेगळे मोजत नाही, तरीही मूळ आजार घटल्याने तेही घटावेत, असे मला वाटते. मात्र त्याच पाहणीत महाराष्ट्रातील 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली, आणि जुलाब झालेल्या देशभरातील मुलांपैकी जेमतेम 30 टक्क्यांनाच जस्त मिळाले होते. दिल्लीतील मुलांवर झालेल्या आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जस्तामुळे जुलाब चालू राहण्याची शक्यता 23 टक्क्यांनी घटली होती, हे पाहता ही उणीव फार मोठी आहे.

सहा महिन्यांवरील मुलाला रोज 20 मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळाला 10 मिलिग्रॅम जस्त 10 ते 14 दिवस दिले जाते, सोबत जलसंजीवनी. अंगावरचे दूध कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. वरचे दूध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करून त्याऐवजी दही, घट्ट खिचडी, थोडे तेल असा आहार द्यावा. शौचातून रक्त येणे, डोळे खोल जाणे, मूल मलूल पडणे किंवा पायांवर सूज येणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जुलाब थांबल्यानंतरही किमान महिनाभर रोज एक जेवण जास्तीचे द्यावे आणि अंगणवाडीत वजन करून घेत राहावे.